शेवट सांगणारी वान-चू

वान-चू मावशीला सिनेमा कसा वाटला, हे विचारावं लागत नसे. न विचारताच ती सांगायची. सकाळी बंदरावर ती माशाचे गोळे विकायची, आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत गोळ्यांपेक्षा तिची मतंच जास्त पडायची. उन्हाळ्यात तैपेईला लागलेले सिनेमे काही आठवड्यांनी गावच्या जुन्या थिएटरात उतरत, एका तिकिटात दोन. यंदाही तिने एक सोडला नव्हता.

शहर तुडवणारा राक्षस तिच्या पसंतीस उतरला नाही. मरतो काय, उठतो काय, पुन्हा मरतो काय! एकदा काय ते ठरव की मेल्या, असं ती भर थिएटरात म्हणाली होती. गाड्या उडवणाऱ्यांच्या सिनेमात दोन तासांत एकही माणूस जेवत नाही, आणि न जेवणाऱ्या माणसांवर तिचा विश्वास बसत नसे. आजारी मुलीच्या प्रेमकथेत ती रडली होती. पण मरायला टेकलेल्या पोरीच्या ओठांवर एवढी लाली कुठून आली, हे तिला अजून कळलं नव्हतं.

खरं सांगायचं तर ती अर्धा सिनेमा झोपेतच बघायची. बाहेर डांबर वितळत असे आणि आत अंगावर काटा येईल असा गारवा. पहिला सिनेमा संपून दुसरा सुरू होताना तिचा डोळा लागे, मग राक्षस आजारी मुलीच्या उशाशी बसून तिला पेज भरवताना दिसे. तिला तेही पटायचं.

शेवटाला मात्र ती टक्क जागी. ती सवय नवऱ्यामुळे लागलेली. आ-खुन मासेमारीच्या बोटीवर होता. भरतीची वेळ झाली की सिनेमा अर्ध्यावर टाकून उठायचा, आणि परतला की भाताचा वाडगा हातात धरून विचारायचा, "मग पुढे काय झालं?" ती सांगायची. शेवट वाईट असला तर बदलून सांगायची. दर्यावर जाणाऱ्या माणसाला रडका शेवट कशाला द्यायचा? तो ऐकून घ्यायचा आणि नुसता हसायचा. त्याला सगळं कळायचं, लबाडाला.

मग एका वादळात बोट गेली. बाकीचे सापडले, आ-खुन सापडला नाही. घरच्या देव्हाऱ्यात त्याच्या नावाची पाटी बसवली, रोज ताट ठेवलं, पण मागच्या दाराला वान-चूने तेव्हापासून कडी घातली नाही. तो पहाटे त्याच दाराने यायचा. वर्षांमागून वर्षं गेली. लेक फोनवर ओरडायची, चोर शिरेल म्हणून. शिरू दे, ही म्हणायची.

चांद्र वर्षाचा सातवा महिना लागला की भटके आत्मे पाताळातून वर येतात. त्यांना भुतं म्हणायचं नाही, चांगले भाऊ म्हणायचं. दर्यावर्द्यांना सांभाळणाऱ्या देवीच्या, माझूआईच्या देवळासमोर त्यांच्यासाठी जेवण मांडतात, पडदा बांधून सिनेमा लावतात. पुढची रांग त्यांची, तिथे जिवंत माणसाने टेकायचं नाही. कुठला सिनेमा लावायचा, हे दरवर्षी वान-चूला विचारत. भुताटकीचा नको, चांगल्या भावांना तो टिंगल वाटेल. समुद्राचा तर नकोच नको, बुडालेल्यांना पाणी काय दाखवायचं? हे नियम तिनेच घातले होते.

यंदा देवळाची व्यवस्था योउ काकांकडे होती. त्यांनी विचारलं, आणि तिने खाली बघत उडत्या गाड्यांचं नाव घेतलं. काकांनी देवीपुढे कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकतात. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या म्हणजे नकार. दोन्ही उताण्या पडल्या, तर देवी हसली, नीट विचारा.

दोन्ही उताण्या पडल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच.

"मावशी," योउ काका म्हणाले, "आई हसते आहे. तुला खरा आवडला तो कुठला?"

खरा आवडलेला एकच होता. थिएटरात चार माणसं नव्हती त्याला. दर्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईची गोष्ट. ती दार उघडं ठेवते, म्हातारी होते, आणि शेवटी एका संध्याकाळी उठून दार लावून घेते. बस्स, एवढंच. वान-चू तो तीनदा बघून आली होती आणि कुणाला एक अक्षर बोलली नव्हती. हे आ-खुनने बघितलं तर त्याला वाटेल, आता आपली वाट कुणी बघत नाही. मग तो पुन्हा येणार नाही.

तिने नाव सांगितलं. समुद्राचा आहे, हेही सांगितलं. काकांनी चंद्रकोरी तीनदा टाकल्या. तिन्ही वेळा होकार आला.

संध्याकाळी पडदा बांधला. समुद्रावरून वारा येत होता, पडदा फुगायचा आणि त्यावरच्या बाईचा चेहरा हळूच वाकायचा, कुणाशी तरी बोलायला वाकल्यासारखा. रिकाम्या रांगेत उदबत्त्या जळत होत्या. वान-चू मागे उभी होती. अर्धा सिनेमा झाला तेव्हा कडेच्या खुर्चीपुढची उदबत्ती विझली, आणि तिला एकदम हसू आलं. भरतीची वेळ. उठला असणार! शेवट त्याने बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने देव्हाऱ्यापुढे भात, तळलेला मासा आणि बांबूच्या कोंबांचं सूप ठेवलं. ताट उचलण्याआधी पितरांचं जेवण झालं का, हे कौल लावून विचारायचं असतं. पण तिला ठाऊक होतं, आधी तो वेगळंच विचारणार.

"शेवटी ना," ती म्हणाली, "तो येतो. पहाटेच येतो, मागच्या दाराने. ती त्याला गरम भात वाढते. झालं का तुझं जेवण?"

कोरी टाकल्या. दोन्ही उताण्या.

वान-चू खाली फरशीवर बसली. मग पदराला पुसावेत तसे तिने सदऱ्याच्या टोकाला हात पुसले आणि कोरी पुन्हा उचलल्या.

"तो येत नाही, आ-खुन. ती दार लावून घेते. रागावून नाही रे. दमलेली असते बिचारी. मग तिला छान झोप लागते." तिने कोरी ओंजळीत धरल्या. "झालं जेवण?"

एक उताणी, एक पालथी.

तिने ताट उचललं. ते मोरीत ठेवायला जाताना वाटेतच मागचं दार होतं. कडी इतक्या वर्षांत गंजली होती. तिने ती दोन्ही हातांनी जोर लावून सरकवली.