घंटेनंतरची फेरी

"बांध," सर म्हणाले.

वृषालीनं उजवा पाय पुढं केला होता. पायात पुण्याहून आणलेले पळायचे बूट, तळाला खिळे असलेले. त्या खिळ्यांत अडकलेली माती मीच बाभळीच्या काट्यानं काढून दिली होती. आता नाडी सुटली होती.

"ऐकू येत नाही का? बांध. तुमच्या लोकांना वाकायची सवय असते."

नववीच्या पोरी हसल्या. मी गुडघ्यावर बसले. नाडी बांधली. वृषाली मैत्रिणीशी बोलत होती. घट्ट झाली म्हणून तिनं पाय झटकला. खिळा माझ्या बोटाला लागला. मी नाडी सोडली आणि परत बांधली.

हे मी केलं. माझ्या हातांनी केलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या पुढं. आमची बौद्धांची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामाला. वृषाली शाळेच्या अध्यक्षांची मुलगी, आणि त्याच अध्यक्षांच्या कांद्यात माझी आई खुरपायला जायची.

वृषाली आठशे मीटर पळायची. मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत मी तिच्या पुढं पळायचं, तिला वेग धरून द्यायचा. दुसरी सुरू झाली की बाजूला व्हायचं. आमच्याकडं गाड्यांच्या शर्यतीत बैलांपुढं घोडी पळवतात, तसं. पळायचं घोडीनं. गुलाल बैलांना.

एकदा मी सरांना म्हणाले, "सर, मलापण शेवटपर्यंत पळू द्या की."

सर चिडले नाहीत. समजावून सांगायला लागले. तेच जास्त लागलं.

"माणसानं ध्येय कसं ठेवावं? झेपेल असं. तू उद्या दहावी पास झालीस तरी लई झालं. नंतर खुरपंच धरायचंय ना हातात?"

नाडीचं मी घरी बोलले नव्हते. आईला ते कांद्याच्या वाफ्यात कळलं. अध्यक्षांच्या बायकोनं सगळ्या बायांपुढं हसत सांगितलं. संध्याकाळी आई चुलीपुढं बसली. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "बांधली का तू?"

"व्हय."

तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती उलटली नाही.

"परत बांधू नको," ती म्हणाली. "माझं काम जाईल. जाऊ दे."

त्या दिवसापासून मी वेगळी पळायला लागले.

खेळाची आवड, शाळेचं नाव, असलं काही माझ्या मनात नव्हतं. मला वृषालीला हरवायचं होतं. लोकांसमोर. सरांसमोर. तिचा श्वास तुटताना ऐकायचा होता. तो कुठं तुटतो ते मला माहीत होतं. बाजूला उभी राहून मी रोज बघत होते. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तिचे खांदे वर चढायचे, तोंड उघडायचं.

अडचण माझीच होती. दुसरी फेरी मी कधी पळालेच नव्हते.

पहाटे आई शेळीसाठी गवत कापायला कालव्यावर जायची. मी तिच्याबरोबर जायला लागले. कालव्याच्या भरावावर अनवाणी पळायचे, मैदानाच्या दोन फेऱ्यांएवढं अंतर अंदाजानं धरून. पहिल्या दिवशी रागानं सुटले. निम्म्यातच पोटात कळ आली आणि मी बांधावर ओकले. आई विळा टाकून धावत आली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सगळा राग एकदम काढलास. मग माघारी काय राहील?"

ते मला पटलं. राग पुरवून वापरायचा. मग मी लहान लहान ठरवायला लागले. आधी एवढंच, की न थांबता पुरं पळायचं. हळू पळाले तरी चालेल. ते जमायलाच कितीतरी दिवस गेले. मग पहिला निम्मा मुद्दाम दाबून पळायचा, दुसरा त्याच्यापेक्षा हळू होऊ द्यायचा नाही. माझ्याकडं घड्याळ नव्हतं. पळून झाल्यावर आईला मोठ्यानं हाक मारायची. हाक नीट निघाली, तर उद्या वेग थोडा वाढवायचा. निघाली नाही, तर आजच्याएवढाच. पाय दुखला तर गवत कापायचं. कधी कधी आठवडाभर काहीच वाढायचं नाही. तेव्हा मी बोटावरचा खिळ्याचा वण बघायचे.

शाळेत मात्र तसंच. रोज पहिली फेरी ओढायची आणि गुमान बाजूला व्हायचं. कुणाला काही कळू दिलं नाही.

तालुक्याच्या स्पर्धा श्रीगोंद्याला होत्या. वृषालीला वेग धरून द्यायला सरांनी माझंही नाव घातलं होतं. सर म्हणाले, "शेवटच्या फेरीची घंटा वाजली की तू बाहेर."

मी नुसती मान हलवली.

वृषालीनं पाय पुढं केला.

"तुझी तू बांध," मी म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. सर जवळ आले. "मस्ती आली का?"

"सर, पुकारा झालाय," मी म्हणाले आणि रेषेवर जाऊन उभी राहिले.

पहिली फेरी मी दाबून पळाले. माझ्यामागं वृषाली अडखळली. तिला रोजचा वेग मिळेना. सर दोरीपलीकडून ओरडत होते, "ओढ, ओढ." घंटा वाजली. "बाहेर हो." मी झाले नाही. आता राग बाहेर काढला. वळणावर मागनं श्वास ऐकू आला. फाटलेला. मग तोही मागं राहिला.

पहिली काष्टीची पोरगी आली. दुसरी मी. वृषाली चौथी.

रेषा ओलांडल्यावर मी वळून उभी राहिले आणि तिला येताना बघितलं. पुरतं बघितलं. ती रडत होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला कांद्यात येऊ नको म्हणून निरोप आला. आई लांबच्या मळ्यात कामाला जायला लागली. पहिल्या दोघी जिल्ह्याला जाणार होत्या, पण सर म्हणाले, "तुला नगरला न्यायला मला वेळ नाही." मग आई आणि मी एसटीनं गेलो. बघते तर सर तिथंच. मुलांचा कबड्डीचा संघ घेऊन आलेले.

नगरच्या मैदानावरच्या पोरी वेगळ्याच होत्या. त्यांना शिकवणारी माणसं होती, बूट होते. पहिल्याच वळणावर कुणाचा तरी धक्का लागून मी पडले, गुडघा फुटला. उठून पळाले. सहावी आले.

सर चालत माझ्याजवळ आले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बघितलंस? म्हणून सांगत होतो."

आई माझ्या गुडघ्याला पदर लावत होती. तिनं मान वर केली नाही. मी उभी राहिले.

"पुढच्या वर्षी पाचवी येणार," मी म्हणाले. "त्याच्या पुढं चौथी. दहावीनंतर तुमची शाळा नसंल, पण मी असंल. तुमी दरसाल हिथंच येत जा, सर. बघायला."

सर कबड्डीच्या पोरांकडं निघून गेले.

तिकडं पहिल्या तिघींना हार घालत होते. मी तिकडं बघितलं नाही. पाचवी आलेली पोरगी झाडाखाली बसून पाणी पीत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तिचा चेहरा नीट बघून घेतला.