नॉर्वेच्या टाचण्या

"बाई, विहिरीच्या पाण्याचा अर्ज थेट गव्हर्नरसाहेबांना करू. मसुदा मी लिहितो," असे म्हणून बापूरावांनी भिंतीवरच्या नकाशात नॉर्वेच्या किनाऱ्यावर आणखी एक टाचणी खोचली.

युद्ध नॉर्वेपर्यंत पोहोचले त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. लोणावळ्याहून टांग्याने तासाभरावर असलेल्या मावळातल्या एका वाडीत, इस्माईलभाईंच्या किराणा दुकानासमोर मी पाण्याच्या बाटल्यांची पेटी घेऊन उभी होते. बापूराव हे रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलर. रोज संध्याकाळी ते दुकानाच्या ओट्यावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि दहा-पंधरा माणसे ऐकत. टाचण्यांना त्यांनी पार्सलच्या लाखेची लाल डोकी केली होती. कोणते सैन्य कुठे आहे, हे त्या वाडीला पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांपेक्षा नेमके ठाऊक होते.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासण्याचे काम करत होते. स्वतंत्रपणे हाती आलेली ही माझी पहिली चौकशी. वाडीत नऊ घरांत मुदतीचा ताप शिरला होता. वैद्यकात त्यालाच विषमज्वर म्हणतात. वाडीतल्या वयस्क धोंडामावशींची थोरली सून त्यातून नुकती उठली होती आणि धाकटी अंथरुणाला खिळली होती. पाऊस लागला की अंगणांतली सारी घाण उताराने विहिरीकडे जाणार, म्हणजे हाताशी फार तर सहा आठवडे होते.

विहिरी दोन, वरची आणि खालची. पाण्यात विषमज्वराचा जंतू प्रत्यक्ष पकडणे अवघड असते. म्हणून आम्ही माणसाच्या आतड्यात नेहमी राहणारा दुसरा एक जंतू शोधतो. तो सापडला, तर मैला पाण्यात उतरतो आहे असे समजायचे. वरच्या विहिरीचे पाणी घातलेल्या परीक्षानळ्या स्वच्छ राहिल्या. खालच्या विहिरीच्या सगळ्या नळ्यांत दोन दिवसांत वायूचे बुडबुडे आले, म्हणजे तो जंतू तिथे होता.

मी सुबक तक्ता करून प्रयोगशाळेतल्या माझ्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो चष्म्यावरून पाहिला.

"छान. पुढे?"

"हा वरिष्ठ कचेरीकडे पाठवावा, साहेब."

"कचेरी येऊन विहीर दुरुस्त करणार आहे का? विहीर कोणाच्या ताब्यात?"

"वाडीच्या."

"वाडी म्हणजे कोण?"

जंतूंची संख्या मला पाठ होती. माणसाचे नाव मी विचारलेच नव्हते. बापूरावांच्या अर्जाला मी मनात हसले होते. माझा तक्ताही त्याच वाटेने निघाला होता, फक्त कागद चांगला होता.

दुसऱ्या फेरीत मी घरोघर फिरले, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वाडी काढली आणि ती युरोपच्या शेजारी टांगली.

"बापूराव, टाचण्या हव्यात. नऊ."

"नॉर्वे रिकामा करता की काय?"

"दोन दिवसांपुरता."

तापाच्या प्रत्येक घरावर मी एक टाचणी लावली. ओट्यावरची मंडळी पुढे सरकली. आठ टाचण्या खालच्या विहिरीभोवती गोळा झाल्या. नववी मात्र पार वरच्या विहिरीला चिकटून उभी राहिली. ती एकच टाचणी माझा निष्कर्ष लंगडा करत होती, आणि पाणी कुठले भरता हे त्या घरी विचारायचे मला सुचले नव्हते. अंगणातच विहीर, मग विचारायचे काय, असे मी गृहीत धरले होते.

धोंडामावशी रॉकेलची बाटली घेऊन कडेला उभ्या होत्या.

"ती सखूच्या घरची न्हवं?" त्या म्हणाल्या. "ती कुटं वरचं पानी भरती! जावेशी अबोला हाय तिचा. जाऊ वर, म्हून ही दिवाळीपास्नं खाली येती."

बाप्ये हसले. मी हसले नाही. मी ते वहीत लिहून घेतले. नऊही टाचण्या आता एकाच विहिरीच्या झाल्या होत्या.

"आता खालच्या विहिरीचं," मी म्हणाले. "धुण्याचा धोंडा तिच्या अगदी तोंडाशी आहे. आजाऱ्याचे कपडे तिथेच धुतात, आणि ते पाणी फुटक्या फरशीतून परत आत झिरपते. धोंडा उताराला हलवायचा आणि फरशी दुरुस्त करायची. हे ठरवायचा अधिकार कोणाचा?"

"कलेक्टरांचा," बापूराव म्हणाले. "त्यांच्यावर कमिशनर. त्यांच्यावर..."

"त्यो बगा की, बाकड्यावर बसलाय," मावशी म्हणाल्या.

बाकड्यावर तात्या होते. माझ्या दोन्ही फेऱ्यांत त्यांनी मला जर्मन आरमाराविषयी पुष्कळ माहिती दिली होती.

"तात्या, तुम्ही पंचायतीचे सरपंच?"

"व्हय. दोन वरसं झाली."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुमी जर्मनीचं बोलत हुता, म्या जर्मनीचं बोललो. हिरीचं मला कुनी इचारलंच न्हाई."

"निवडून कसे आलात?"

उत्तर इस्माईलभाईंनी दिले. "निवडून कुठले, बाई! दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. नाव लिहायला सरकारी साहेब आले, तेव्हा तात्या इथं तंबाखू घेत होते. म्हणून तात्या."

हशा ओसरल्यावर बापूराव जरा दुखावल्या स्वरात म्हणाले, "म्हणजे आम्ही देशाचं, जगाचं बोलूच नये? स्वराज्य काय विहिरीतून निघणार आहे?"

प्रश्न रास्त होता. "अवश्य बोलावं," मी म्हणाले. "मीही बोलते. पण तुमचं मत हिटलरच्या कानावर जात नाही. तात्यांच्या जातं, आणि तेही हातभर अंतरावरून. रोज तासभर युद्धाला देता, त्यातली दहा मिनिटं तात्यांना द्या."

"द्या, द्या," तात्या घाबरून म्हणाले. "पर धोंडा हलवला तर बायका मला गावात ऱ्हाऊ देतील का? पानी भरून धुनं लांब न्यायचं म्हंजे कमरेचा काटा ढिला."

"बायकांचं मी बगते," मावशी म्हणाल्या. "तू फकस्त सभा लाव. आन चावडीवर नगं. तितं आमी येत न्हाई. हितं लाव. त्याल घ्यायला समद्याच येत्यात."

अशी ती सभा दुकानासमोर भरली. बाया बाटल्या घेऊन उभ्या होत्या आणि इस्माईलभाई मुद्दामच सावकाश तेल मोजत होते. बापूरावांनी आधी नॉर्वे वाचला, मग त्याच आवाजात माझा तक्ता. धोंड्याजवळ धुण्यापुरते पाणी साठवायला एक दगडी डोणी ठेवावी, ही दुरुस्ती सखूने सुचवली. तिची जाऊ समोरच होती. ती तोंड फिरवून, पण ऐकू जाईल असे म्हणाली, "डोनी आमच्या परड्यात पडून हाय. न्हेऊ द्या."

तीन आठवड्यांत धोंडा हलला, फरशी बसली आणि विहिरीत जंतू मारणारे लाल औषध पडले. मी तिसऱ्यांदा नमुने नेले. नळ्या दोन दिवस स्वच्छ राहिल्या. खात्रीसाठी मी त्या तिसऱ्या दिवशीही पाहिल्या. पावसाला अजून बारा दिवस होते. निरोप द्यायला गेले, तेव्हा मावशींची धाकटी सून भिंतीला टेकून पेज पीत होती आणि मीठ कमी पडल्याची तक्रार करत होती.

दुकानात बापूरावांनी हात पुढे केला. "बाई, टाचण्या. आमचा नॉर्वे मागं पडलाय."

मी नऊही मोजून दिल्या. वाडीचा नकाशा मात्र त्यांनी उतरवू दिला नाही. त्यावर तात्यांच्या घरापाशी कोणीतरी पेन्सिलीने फुली केली होती.

साहेबांनी अहवाल वाचला आणि सही केली. आमच्या छापील नमुन्यात विहिरीची खोली, रुंदी, पाण्याचा रंग असे रकाने असतात. त्यांच्या वर मी आता दर वेळी शाईने एक रकाना वाढवते: ही विहीर कोणाच्या अखत्यारीत आहे, आणि तो माणूस संध्याकाळी कुठे बसतो.