वाळूतली टिबुकली

टिबुकली तुम्ही पाहिली असेल, नाव कदाचित माहीत नसेल. बदकाहून लहान, गोल गरगरीत, शेपूट जवळजवळ नाहीच. पोहता पोहता गप्पकन बुडी मारते आणि वर येते ती भलतीकडेच.

लग्न झालं तेव्हा आमचे हे नोकरीनिमित्त जैसलमेरच्या पलीकडे होते. बोअर मारून पाणी शोधायचं काम. जिकडे बघावं तिकडे वाळू. पण चार सरी पडल्या की सखल जागी पाणी साचायचं, आणि कुठून कोण जाणे, पक्षी यायचे. लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, बगळे, आणि ही टिबुकली. हे मला स्कूटरवरून बघायला न्यायचे. ती बुडाली की मी श्वास धरून बसायची, वर आली की सोडायची. हे हसायचे. "अगं, तिला काही होत नाही. तूच गुदमरशील."

हे सगळं मला हॉलंडमध्ये का आठवलं, तेच सांगायला बसलेय.

मुलाकडे आम्ही इथे, डीमन गावी, आलो ते तीन महिन्यांसाठी. मग करोना आला, विमानं बंद झाली. खिडकीखालून रिकामी ट्राम जायची, ती बघत दिवस काढायचा. आणि वसंतात यांनाच ताप आला. इथला घराजवळचा डॉक्टर, हाउसआर्ट्स म्हणतात त्याला, तो फोनवरच म्हणाला, घरी राहा आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन बघत राहा. ताप गेला हो, पण श्वास काही पूर्ण परत आला नाही. पलंगापासून ओट्यापर्यंत आले की टेबल धरून उभे राहायचे.

"दमलात का?"

"छे. विचार करतोय."

किती विचार करायचे त्या दिवसांत! मी त्या मशीनला ब्लाऊजच्या कापडाची पिशवी शिवली आणि ती गळ्यातच घातली. मंगळसूत्राच्या शेजारी.

इथे पावसाळा असा वेगळा नसतोच, पण सप्टेंबर संपला की जो लागतो तो थांबत नाही. अशात एकदा मुलगा म्हणाला, "बाबा, इथेही वाळवंट आहे बरं का. फेलुवेच्या जंगलात. पाऊस झाला की तळी साचतात."

झालं! यांचे डोळे लहान मुलासारखे झाले.

"घरातल्या घरात धाप लागते, वाळूत कसे चालणार?" मी म्हटलं.

"अर्धं आयुष्य वाळूत चाललोय मी."

"तेव्हा फुप्फुसं धड होती तुमची."

पण ऐकतंय कोण. गर्दी नको म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी गेलो. मुलाची नेमकी ऑफिसची मीटिंग निघाली. तो लॅपटॉप घेऊन गाडीतच बसला. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. लांब जाऊ नका."

पाइनची झाडं संपली आणि खरंच वाळू सुरू झाली. पांढरट, उंचसखल, पार लांबवर. तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. छत्री गाडीत. हे म्हणाले, "तू घेऊन ये, मी इथेच उभा आहे."

मी छत्री घेऊन आले तर तिथे कोणी नाही.

पायांचे ठसे तेवढे चढावर गेलेले. मी त्यांच्यामागे निघाले. आधी लांब लांब ढांगा. मग ठसे जवळ जवळ यायला लागले. मग इतके जवळ की एकाला दुसरा टेकलेला. आणि एके ठिकाणी ठशांच्या बाजूला हाताचा पंजा उमटलेला. पाचही बोटं. पुढे जमीन टणक होती, खुरट्या झुडपांची, तिथे ठसेच नाहीत. मुलाला बोलवायला मागे जावं तर मधल्या मधे काही झालं तर?

"अहो!" मी ओरडले. वाऱ्याने ते तोंडापुढूनच उचलून नेलं. "अहो! अहो!" कसलं काय. अहो ही काय हाक आहे? ते घरातलं बोलणं. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत पोचतं, त्यापुढे त्याला जोर नाही.

त्यांचं नाव मी आयुष्यात घेतलं ते उखाण्यात, तेही लाजत. त्या चढावर मी ते घेतलं. पोटातून ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

टेकाडापलीकडून बदकांचा थवा फडफडत उठला, आणि खालून बारीक आवाज आला, "अगं, हळू! उडवलीस ना सगळी!"

धावत, घसरत उतरले. खोलगट जागी पावसाचं तळं, आणि काठाला हे बसलेले, गुडघे पोटाशी. ओठ जांभळाच्या रंगाचे. बोलताना एक शब्द, मग थांबणं, मग पुढचा. मी मशीन काढून बोटाला लावलं. आकडा येईना. नुसत्या रेघा. असं कधीच झालं नव्हतं. काढलं, पुसलं, परत लावलं. रेघाच. बोट बर्फासारखं गार होतं. मी त्यांचा हात माझ्या स्वेटरखाली, पोटाशी धरला आणि चोळत राहिले. ते मात्र पाण्याकडे बघत होते.

"टिबुकली होती. तुझ्या हाकेने बुडाली."

पाण्यावर फक्त पावसाचे थेंब. मी तिकडे बघत होते, हात चोळत होते, आणि श्वास कधी धरला मला कळलंच नाही. किती वेळ! मग लव्हाळ्यापाशी ती वर आली. मान झटकली तिने. मी पुन्हा मशीन लावलं. रेघा हलल्या. आकडा आला. चांगला नव्हता, पण आकडा होता.

मुलगा पळत आला, हेडफोन गळ्यात लोंबकळत. "आई, बाबांना नावाने हाक मारलीस तू? मीटिंगमधल्या सगळ्यांनी ऐकली!"

दोघांनी धरून, थांबत थांबत, गाडीपर्यंत आणलं. डॉक्टरला फोन केला, गोळ्या झाल्या, श्वासाचे व्यायाम झाले. आता ओट्यापर्यंत न धरता येतात.

पण अजून ते न्हाणीघरात जास्त वेळ राहिले की मी दाराशी जाते. "अहो," म्हणते, आणि थांबते. तेवढ्या थांबण्यात तो वाळूतला पंजा डोळ्यांपुढे येतो आणि नाव जिभेवर येऊन बसतं. त्यांनाही कळतं ते. आयुष्यभर तिसऱ्या हाकेला ओ देणारा माणूस, आता आतून लगेच ओरडतो, "ओ! आहे, आहे! नाव नको घेऊस!"