काचेवर बसलेले थेंब

लेक जेवत नसावी, ही काळजी आईच्या मनातून काही केल्या जाईना. रविवारी फोनवर एकदा विचारलं तर ती तीनदा म्हणाली, "जेवले गं." एका प्रश्नाला तीन उत्तरं देणारी ही मुलगी नव्हे.

लेक प्रयोगशाळेत थेंब मोजायची. बाबा हे चारचौघांत सांगत तेव्हा लोकांना थट्टाच वाटे. खोलीभर लांब नळी, तिच्यातून जोरात हवा आणि थोडं पाणी सोडायचं. पाणी भिंतीला धरून सरकतं, हवा त्याचे थेंब उडवते. नळीला समोरासमोर दोन काचेच्या खिडक्या. एकीतून लेझरचा किरण आत जातो, दुसरीतून बाहेर येतो. मोठा थेंब उजेड जरासाच वळवतो, बारीक थेंब पुष्कळ. त्यावरून आकार कळतात. सोबतचे तिला मोजणीबाई म्हणत. लहानपणी ताप असतानासुद्धा औषध चमच्याच्या रेघेवर आलंय का, हे बघितल्याशिवाय ती तोंड उघडत नसे.

अशा मोजणीबाईंकडून घोटाळा झाला. खिडक्या कोरड्या राहाव्यात म्हणून काचांवर कोरड्या हवेचा झोत सोडलेला असतो. जास्त झाला तर तो नळीतले थेंबच ढकलतो, म्हणून चार महिन्यांपूर्वी तिने तो कमी केला. जरा जास्तच कमी केला. गेल्या आठवड्यात खिडकी उघडली, तर काच आतून ओली. उडत्या थेंबांबरोबर यंत्र काचेवर बसलेलेही मोजत होतं. थेंब होते त्याहून मोठे दिसले आणि तेच आकडे प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी एका कारखान्याला दिले. वायूतून पाणी वेगळं करणारी टाकी त्यावरून बनणार होती. थेंब मोठे समजून टाकी लहान केली, की बारीक थेंब निसटून पुढचं यंत्र खाणार.

"सरांना सांगितलंस?" आईने विचारलं होतं.

"नाही अजून. पुढच्या महिन्यात मला कायम करणारेत, आई."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला? यापुढे नीट मोज म्हणजे झालं."

त्यानंतर आईने जेवणाचं विचारलं. मग ते "जेवले गं."

बुधवारी दुपारी भाजी निवडताना आईने हे सगळं बाबांना सांगितलं.

"ती तुझं ऐकते, तिथेच घोळ आहे," बाबा म्हणाले. "मी सल्ला दिला असता तर एव्हाना सांगून मोकळी झाली असती."

"तुम्ही काय सांगितलं असतंत?"

"तेच, तू सांगितलंस ते. पण माझं कधी ऐकलंय तिने?"

आईला हसू आलं आणि लगेच विरलं. लेकीने नोकरीचं कारण पुढे केलं खरं, पण गप्पच बसायचं असतं तर तिने फोनवर टाकी, थेंब, काच इतकं उलगडून सांगितलं कशाला असतं? कुणीतरी "जा, सांग" म्हणावं, एवढ्याचसाठी तिने फोन केला होता. आणि आईने तोंडाला कुलूप घालून दिलं. उद्या कारखान्याची माणसं टाकीचा नकाशा पक्का करायला येणार होती.

नोकरी गेली तर? गेली तर लेक घरी येईल, चार दिवस रडेल, दुसरी शोधेल. हे स्वतःला नीट सांगायला आईला अर्धी जुडी निवडावी लागली.

"एक वाजता तिची सुट्टी होते," बाबा म्हणाले. "तेव्हा कर फोन."

घड्याळात साडेबारा झाले होते. "नाही, आत्ताच करते," म्हणत आईने हात पदराला पुसले. मी चुकीचं सांगितलं, हे आधी म्हणायचं, मग बाकीचं.