मामांनी केलेला सत्कार

आमच्या शाळेचं मैदान सोडलं तर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला सपाट अशी जागाच नाही. त्यामुळं कुठलाही पुढारी येवो, सभा आमच्या मैदानात आणि पाण्याचे ग्लास आम्हा शिक्षकांच्या हातात. त्या शनिवारी विरोधी पक्षाचे एक मोठे नेते येणार होते. विषय काय, तर मराठी भाषा वाचवा आणि शिक्षकांना पगार द्या. म्हटलं, वा! ज्यांना पगार नाही त्यांनीच सतरंज्या अंथरायच्या.

माझा पारा तसाही चढलेलाच होता. सोळा वर्षं मी त्या शाळेत मराठी शिकवत होते. अनुदान कधी थोडं यायचं, कधी नुसताच कागद यायचा. "पुढच्या टप्प्यात होईल" हे ऐकता ऐकता माझी मुलगी दहावीला आली. आमचे मालक नारायणगावला टोमॅटोचा टेम्पो नेतात, म्हणून चूल पेटत होती. आणि आता मंचरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं मला बोलावलं होतं. दर महिन्याला पगार. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसरी बाई घेणार. मालकांना सांगितलं होतं, मुख्याध्यापकांसाठी अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. मामांना सांगायची मात्र छाती होत नव्हती.

मामा म्हणजे माझे सासरे. मेंढरांमागं त्यांचा जन्म गेला, अजूनही वीस-पंचवीस आहेत दाराशी. स्वतः शाळेची पायरी चढले नाहीत. पण लग्नानंतर मला बी.एड.ला धाडलं ते त्यांनीच, चार मेंढरं विकून. भावकी नाकं मुरडत होती तरी. दारात पावणं आलं की पहिली ओळख माझी. "ही आमची सून. शाळंत मास्तरीण हाय. मराठी शिकवती!" अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की मामा, मी ती शाळा सोडतेय?

नेते दोन तास उशिरा आले. बोलले मात्र छान, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "भाषा दुकानाच्या पाट्यांवर जगत नाही, वर्गात जगते. लहान पोरांवर पहिलीपासून तिसरी भाषा लादायला आमचा विरोध आहे. आणि ज्या बाईंनी, ज्या गुरुजींनी मराठी शिकवायची त्यांच्याच घरची चूल थंड असेल, तर मराठी टिकवायच्या गप्पा कुणी मारू नयेत." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्यांचं सगळं पटत होतं, हीच तर पंचाईत. काही खोटंनाटं बोलले असते तर मला शाळा सोडणं सोपं गेलं असतं.

मग सत्कार. कार्यकर्त्यांनी मामांना आधीच गाठून ठेवलं होतं. धनगराच्या हातून पाहुण्याला घोंगडी म्हणजे फोटो झकास येतो. मामांनी घोंगडी घरचीच आणली होती, आपल्या मेंढरांच्या लोकरीची, ठेवणीतली. ते स्टेजवर चढले, तसे नेते माइकवर सगळे पुढारी म्हणतात तेच म्हणाले, "अहो, माझा कसला सत्कार करता? खरा सत्कार या शाळेतल्या शिक्षकांचा व्हायला हवा!" आणि मान वाकवून उभे राहिले.

असं कुणी म्हटलं की आपण हसायचं आणि सत्कार पाहुण्याचाच करायचा, ही रीत पोराटोरांनाही ठाऊक. पण जन्मभर मेंढरांत राहिलेल्या माणसाला तोंडदेखलं बोलणं कळावं कुठून! मामांनी क्षणभर नेत्यांकडं बघितलं. "बराबर बोलला, राव," म्हणाले, आणि घोंगडी घेऊन सरळ खाली उतरले. मला वाटलं, पाणी प्यायला येतायत. मी ग्लास पुढं केला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून बाकावर ठेवला आणि भर सभेत, भर उन्हात, ती घोंगडी माझ्या खांद्यांवर टाकली. वर दोन्ही हात जोडले. सासऱ्यानं सुनेला! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

सभेत हशा पिकला. नेते तेवढे हसले नाहीत. खाली आले, मामांच्या पाया पडले आणि मला हळूच म्हणाले, "ताई, आज माझ्या हातात बोलण्याशिवाय काही नाही. सत्ता नाही आमच्याकडं." खरं तर मला राग यायला हवा होता, पण माणूस खरं बोलला. मी मान हलवली.

घरी आले तर मामा मेंढरं कोंडत होते. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. "मामा, ही घोंगडी मला नको. सोमवारपासून मी मंचरला इंग्रजी शाळेत चाललेय. मी नाही त्या मानाची." एवढं बोलले आणि हमसाहमशी रडायला लागले.

मामांनी फाटकाला दोरी बांधली. मग म्हणाले, "आगं, म्या काय शाळंला घातली व्हय घोंगडी? तुला घातली. लई वर्सं राबलीस फुकाट. जा तू."

"आणि पोरं?" मी म्हटलं. "माझी सातवी? त्यांना मराठी कोण शिकवणार? नवीन बाई कुणी देणार नाही, मामा. तशीच बसून राहतील ती."

मामांनी दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मला वाटलं, आता म्हणतील, मग नको जाऊस. खरं सांगते, तसं म्हणावं असं मनातून वाटतही होतं.

"वाट चालताना एक बी मेंढरू मागं ऱ्हायलं," मामा म्हणाले, "तर मला झोप लागत नाय. तुला बी लागनार नाय, पोरी. त्याच्यावर माझ्याकडं औषिद न्हाई. तरी बी जा."

सोमवारी मी मंचरच्या एसटीत बसले. पगार आता वेळेवर होतो. झोपेचं मामांनी सांगितलं होतं, ते खरं निघालं.