फिरकीचा तांब्या

सई आणि अर्णव, गेल्या महिन्यात विमलआजी गेली तेव्हा फोनवर तुम्ही विचारलंत, ती आपली कोण होती? मी विषय बदलला. काल जनगणनेची मुलगी मोबाइल घेऊन दारात आली, म्हणून आता लिहिते.

विमल आणि मी एकाच शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवायचे, ती गणित. जनगणना आली की शिक्षकांना घरोघर पाठवत. इंदिरानगरातल्या शेजारशेजारच्या गल्ल्या आम्हा दोघींच्या वाट्याला आल्या होत्या. तिच्या पिशवीत कायम फिरकीचा तांब्या. मी चिडवायचे, काशीला निघालीस का गं? ती म्हणायची, लोकांचं पाणी मला पचत नाही. मला वाटे, पोटाचं काहीतरी असेल...

एका दुपारी माझी गल्ली उरकून मी तिच्यासोबत एका बंगल्यात गेले. तिथल्या बाईंनी आम्हाला अगत्यानं बसवलं, ट्रेमधून पाण्याचे दोन ग्लास आणले आणि सहज विचारावं तसं विमलला विचारलं, "आडनाव काय तुमचं?" विमलनं सांगितलं. इथे आडनावावरून जात ओळखतात, हे तुम्हाला तिकडे परदेशात ठाऊक नसेल. "अय्या, पाणी गारच नाहीये," म्हणत बाईंनी ट्रे आत नेला. परत आला तेव्हा माझ्यासाठी तोच ग्लास होता आणि तिच्यासाठी कागदी कप.

मी उठले. विमलनं हात धरून मला खाली बसवलं. घर सुटलं तर मोजणी चुकेल, म्हणाली. मग फिरकी उघडून दोन घोट घेतले आणि कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला.

"पिण्याचं पाणी कुठलं?"

"नळाचं."

"नळ घरातला, की बाहेरचा, सगळ्यांचा?"

"घरातला. फक्त आमचा."

"तेच लिहिलंय," विमल म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मी संतापून बोलत राहिले. ती पुढच्या घराची बेल वाजवत म्हणाली, "तुला आज दिसलं, इतकंच."

त्या बाईंचा मुलगा पुढे विमलकडेच गणित शिकला. शोकसभेत बाई पहिल्या रांगेत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, विमलबाई आमच्या घरच्याच होत्या. घरात माणसं किती, हे विमलनं त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिलं होतं... त्यात ती नव्हती.

काल मी त्या मुलीपुढे पाणी ठेवलं. "नको आजी, माझं आहे," म्हणत तिनं पिशवीतून बाटली काढली. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

तांब्या विमलच्या लेकीनं मला दिलाय. स्वयंपाकघरात ओट्यावर असतो. फिरकी अजून घट्ट बसते.