टोपीला हात

सांगलीच्या गुळाच्या सौद्यात मला लुबाडलं जात होतं, हे मी आजही म्हणतो.

वडूजला माझं किराणा दुकान होतं. हमाली करून उभं केलेलं, कुणाच्या बापाच्या जिवावर नव्हे. संक्रांतीला दुकानात पिवळाधमक, रवाळ गूळ नसेल तर गिऱ्हाईक सरळ समोरच्या दुकानात जाई. म्हणून खरेदीला मी स्वतः सांगलीला जायचो. पण मला जी थप्पी पसंत पडे, नेमकी तिच्यावरच तासगावचा एक जाडा व्यापारी माझ्यावर थोडी बोली चढवून माल उचलायचा. हलक्या मालाला मी उगाच बोली लावली, तर हा गप्प. याला कळायचं कसं?

माझा संशय बोली पुकारणाऱ्या अडत्यावर होता. एकोणीसशे सत्तरच्या आसपासचा तो हंगाम मी गुळापेक्षा त्यालाच जास्त न्याहाळला. तो आधी टोपी सरकवायचा, मग नाक पुसायचा, आणि लगेच व्यापाऱ्याची बोली यायची. हे पुन्हा पुन्हा पाहिल्यावर एक दिवस माझं डोकं फिरलं.

"टोपीला हात लावून कुणाला खुणावतोस रं?"

"आवं, डोकं खाजतंय," अडत्या म्हणाला. "त्याला बी तुमची परवानगी घ्यायची व्हय?"

सगळे हसले. व्यापाऱ्याला मात्र आरोप झोंबला.

"त्याचं थोबाड कशाला बगू? मी तुमाला बगतोय. गूळ चाखता, बोटांत चोळता, उजेडाला धरता. घ्यायचा असला तर मग हात पाठीमागं बांधता. न्हाईतर हात मोकळंच. मला कुणी शिकवलं न्हाई. बगून बगून डोळ्यांत बसलं."

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम एका काळपट, खारट थप्पीसमोर उभा राहिलो. गूळ चाखला, चोळला, हात पाठीमागे बांधले. तेव्हा आठवलं, उजेडाला धरायचं राहिलं. पुन्हा हात सोडून मुठीतला तुकडा वर धरला आणि चढी बोली लावली.

व्यापारी पान चघळत माझ्याकडे बघत राहिला. बोली काही चढवली नाही. अडत्याने काठी आपटली. माल माझ्या गळ्यात पडला.

"आज हात लय लवकर बांधलासा," व्यापारी जाता जाता म्हणाला.

त्या संक्रांतीला गर्दी समोरच्या दुकानात होती. माझा गूळ गुरांच्या आंबोणात गेला.

माझा क्रम चुकला, हे मला मान्य आहे. पण काठी आपटण्याआधी त्या दिवशी अडत्याने टोपीला हात लावला नव्हता.